दहावी ढाल

वजनकाट्यावर केरबा माझ्या पुढं उभा होता. अंगावर नुसता लंगोट, श्वास सोडून पोट आत ओढलेलं. पंचांनी काट्याचं सरकतं वजन मागं-पुढं केलं, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "छप्पन्न सातशे. उतर." केरबा उतरला, मागं वळला आणि मला बघून थबकला.

"रंग्या, तू सत्तावन्नात?"

"मग कशात असणार? तू इकडं कुठं? तू तर बासष्टवाला."

"खांद्यानं वजन खाल्लं," तो हळूच म्हणाला आणि हसला.

मला काही हसू आलं नाही. दोन दिवस उपाशी होतो, अंगात दोन-दोन स्वेटर घालून पळालो होतो, तोंडातली थुंकीसुद्धा ठेवली नव्हती, आणि एवढं करून ज्या वजनात बसलो त्यात हा आधीच येऊन उभा. हे चौऱ्याऐंशी सालचं सांगतोय. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कुस्त्या होत्या, आमच्या कॉलेजच्या नाही, दुसऱ्याच एका गावच्या कॉलेजच्या हॉलमध्ये.

केरबा आणि मी एका गावचे, उंबरवाडीचे. नुसते एका गावचे नाही, एका तालमीचे. दोघांनाही ज्योती वस्तादांनी मातीत उभं केलं. केरबा माझ्याआधी वर्षभर तालमीत आला, म्हणून तो थोरला. वयानं आम्ही सारखेच, पण तालमीत वय जन्मावरून धरत नाहीत, लंगोट कधी बांधला त्यावरून धरतात. बारावीनंतर तो तालुक्याच्या कॉलेजात गेला, कारण म्हशी सोडून त्याला लांब जाता येत नव्हतं. मी शहरात आलो, कारण मला मुळीक सरांनी उचलून आणलं.

आता हे मुळीक सर म्हणजे आमच्या कॉलेजचे जिमखानाप्रमुख. त्यांच्याआधी आमच्या कॉलेजला कुस्ती म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. सलग सात वर्षं ढाल शेजारच्या जिल्ह्यातलं एक कॉलेज नेत होतं, आणि बाकीचे नुसते टाळ्या वाजवायला जात होते. पंचाहत्तर साली सरांनी पाच पोरं ट्रकच्या हौद्यात बसवून नेली आणि ढाल घेऊन आले. तेव्हापासून नऊ वर्षं ढाल आमच्या जिमखान्याच्या भिंतीवरून हलली नव्हती. चौथ्या वर्षी एका गुणानं वाचली. सहाव्या वर्षी माती जाऊन गादी आली, तेव्हा सगळे म्हणाले, संपलं आता, ही खेड्यातली पोरं गादीवर घसरून पडणार. सरांनी वसतिगृहातल्या तीस गाद्या मागून घेतल्या, त्यावर ताडपत्री ताणली आणि त्यावर तेव्हाच्या पोरांना रगडलं. पोरं पंधरवडाभर जमिनीवर झोपली, पण ढाल राहिली. आधी ढाल नेणारं ते कॉलेज बघता बघता मागं पडलं होतं, पण मेलं नव्हतं. त्यांचे नवे सर दर वर्षी एक-दोन गुण जवळ सरकत होते, आणि त्या साली ते आमच्या मानगुटीवर होते.

भिंतीवर चिठ्ठ्यांचा कागद लागला तेव्हा मी पोरांच्या खांद्यांवरून मान घालून बघितला. केरबा वरच्या अर्ध्यात, मी खालच्या अर्ध्यात. म्हणजे दोघं जिंकत गेलो तर गाठ थेट फायनलला पडणार.

आता इथं आमचा कायदा आडवा येत होता. एका वस्तादाचे दोन पठ्ठे गावोगावच्या मैदानात एकमेकांवर कुस्ती धरत नाहीत. तालमीत रोज लढायचं, हाडं मोडेपर्यंत लढायचं, पण लोकांसमोर नाही. वस्ताद म्हणायचे, लोकांसमोर लढला की एक घरातला माणूस पडतो, आणि पाडणाराही घरातलाच. जोड लागलीच तर धाकट्यानं हात जोडायचे आणि थोरल्याला पुढे चाल द्यायची, म्हणजे न लढता जिंकू द्यायचं. ज्यानं हे मोडलं त्याला तालमीचं दार बंद. माझ्या डोळ्यांदेखत एकाला बंद झालं होतं. तो पुढं दहा वर्षं गावात राहिला, पण तालमीवरून जाताना मान खाली घालून जायचा.

मी सरांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. सर वहीत गुण मांडत बसले होते. त्यांनी डोकं वर न काढता ऐकलं.

"रंगराव, गादीवर तालीम नसते," ते म्हणाले. "गादीवर कॉलेज असतं."

"सर, वस्ताद तालमीत घेणार नाहीत."

"मग त्या पोराशी बोल. त्यानं सोडलं तर?"

"असं मागत नाहीत, सर."

सरांनी वही माझ्यापुढं केली. पहिल्याला पाच, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. बाकीच्या वजनांचा अंदाज त्यांनी धरलाच होता, आणि तो माणूस कधी चुकायचा नाही. मी पहिला आलो तर ढाल आमची. दुसरा आलो तर एका गुणानं गेली. "दहावं वर्ष आहे," एवढंच ते म्हणाले आणि पेन्सिल कानावर लावून उठून गेले.

मागत नाहीत, हे मी खरंच सांगत होतो. पैलवानानं भाकरी मागावी, कुस्ती मागू नये, असं वस्ताद रोज ऐकवायचे. शिवाय केरबाच्या कॉलेजनं आजवर साधी खोखोची वाटी आणली नव्हती. त्यांचे प्राचार्य स्वतः एसटीनं आले होते, पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर हाराचा पुडा घेऊन. त्या माणसासमोर केरबाला जाऊन म्हणू, की बाबा, तू सोड? माझी जीभ रेटली नसती.

सकाळच्या कुस्त्या झाल्या. मी दोन काढल्या, केरबानं दोन काढल्या. माझ्या कुस्त्या मला नीट आठवतसुद्धा नाहीत. माझं सगळं लक्ष दुसऱ्या गादीवर होतं. केरबा उजवा हात छातीशी धरून, नुसत्या डाव्या हातानं आणि पायांनी लढत होता. बघणाऱ्याला वाटावं, याची ढबच अशी आहे. लोक टाळ्या पिटत होते. मला तेवढं माहीत होतं, की ही ढब नव्हे.

महिन्यापूर्वी सुट्टीला गावी गेलो होतो, तेव्हा तालमीत मीच त्याचा उजवा हात पाठीमागं नेऊन वर उचलला होता. जरा जास्तच उचलला. खांदा निखळला. वस्तादांनी केरबाला मातीत पालथा घातला, काखेत पाय देऊन हाड जागेवर बसवलं. केरबाच्या तोंडून हूं की चूं नाही. मग वस्तादांनी हळद-तेल चोळता चोळता आम्हा दोघांना सांगितलं, "ही गोष्ट तिघांत. चौथ्या कानाला गेली तर त्याची कुस्ती संपली. एकदा निखळलेलं हाड दुसऱ्यांदा लगेच निघतं, आणि ते मग बसत नाही." मी मातीची शपथ घेतली होती. दुसऱ्या दिवसापासून केरबाच्या जोर-बैठका बंद झाल्या, अंग उतरलं, आणि म्हणून तो माझ्या वजनात आला. म्हणजे बघा, माझंच केलेलं माझ्यापुढं येऊन उभं राहिलं.

दुपारी सगळे जेवायला गेले. मला घास उतरेना. मी हॉलमागं गेलो, पुढं आलो, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. कुस्ती खेळावी तर तालीम जाते. सोडावी तर ढाल जाते, आणि वसतिगृहात ज्या पोरांनी माझ्यासाठी स्वतःचं दूध बाजूला ठेवलं त्यांना तोंड कसं दाखवू? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तसं. असंच हिंडता हिंडता डोक्यात आलं, की केरबा फायनलला आलाच नाही तर? मग मला कायदा मोडायला नको आणि ढालही सोडायला नको. कुणाचंच वाईट नाही. खरंच सांगतो, मला ते त्या वेळी इतकं साधं वाटलं, की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं.

सेमीफायनलला केरबापुढं विट्याकडचा लेंगरे होता. उंच, हाडाचा, लांब हातांचा पोरगा. तो नळावर तोंड धूत होता. मी बाजूच्या नळावर गेलो, चूळ भरली, पाणी थुंकलं.

"उंबरवाडीवाला जड आहे म्हणतात," लेंगरे म्हणाला.

"जड आहे. पण उजवा हात बघ," मी म्हणालो.

"काय बघू?"

"मागं ने आणि उचल."

बस्स, एवढंच. आणखी एक शब्द नाही. लेंगरे माझ्याकडं बघत राहिला आणि मी पाठ फिरवून आलो. आल्यावर मला भूक लागली. मी चार केळी खाल्ली. त्याची मला आजही लाज वाटते, कुस्तीपेक्षाही जास्त.

माझी सेमीफायनल आधी झाली. पोरगा पहिल्याच मिनिटाला खाली गेला. मी घाम पुसत दुसऱ्या गादीजवळ जाऊन उभा राहिलो. बसावंसं वाटेना. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. मनात म्हणत होतो, लेंगऱ्यानं ऐकलं नसलं तर बरं. लगेच म्हणत होतो, ऐकलं असलं तर बरं.

पहिली तीन मिनिटं लेंगऱ्यानं तसं काही केलं नाही. केरबा दोन गुणांनी पुढं होता. प्राचार्यांनी हाराचा पुडा मांडीवरून बाकावर ठेवला होता आणि टोपी काढून हातात घेतली होती. मला बरं वाटलं. म्हटलं, होऊ दे फायनल, बघू तेव्हाचं तेव्हा. आणि नेमका तेव्हा लेंगरे केरबाच्या पाठीमागं गेला, त्याचा उजवा हात छातीपासून सोडवला, मागं नेला आणि उचलला.

आवाज झाला. तो आवाज मी महिन्यापूर्वी तालमीत ऐकला होता. केरबा गुडघ्यावर बसला. ओरडला नाही. डाव्या हातानं उजवं मनगट धरून तो पंचांकडं बघत राहिला, आणि पंचांनी शिट्टी फुंकली.

मी धावलो. बाकीचे काय झालं, काय झालं करत होते. मला विचारायची गरज नव्हती. मी पटका मागून घेतला, त्याचा हात छातीशी बांधला. तो पांढराफटक पडला होता. त्यांचे प्राचार्य म्हणाले, चला, दवाखान्यात जाऊ, रिक्षा बोलावतो. केरबा म्हणाला, "सर, थोडं थांबा. रंग्याची फायनल झाल्यावर."

मी त्याला म्हणालो, जा म्हणून. दोनदा म्हणालो. तो ऐकेना. फायनलला दीड तास होता. दीड तास तो भिंतीला टेकून बसला आणि मला लेंगरे समजावून सांगत राहिला. लेंगरे डावा पाय आधी टाकतो. धाप लागली की मान खाली घालतो. मागून येतो तेव्हा खरा, समोरून काही नाही. माझे सर लांबून ऐकत होते. त्यांना वाटलं असणार, वा, तालीम म्हणजे अशी.

फायनलला गादीवर गेलो. लेंगऱ्यानं हात मिळवताना तोंड जवळ आणलं आणि हसून विचारलं, "तुझा कुठला खांदा?"

पहिल्या मिनिटात त्यानं माझ्यावर तीन गुण घेतले. मला काही दिसत नव्हतं, काही सुचत नव्हतं. आमच्या कोपऱ्यातून सर ओरडत होते ते कानापर्यंत पोचत नव्हतं. पोचत होता फक्त केरबाचा आवाज. तो ओरडत नव्हता. बांधलेल्या हातानं गादीच्या कडेला उकिडवा बसून, तालमीत बोलतो तसा बोलत होता. "रंग्या, समोर ऱ्हा. मागं जाऊ देऊ नगंस. आता मान खाली घालंल बघ. आता. घे." लेंगऱ्यानं मान खाली घातली आणि मी घेतली. चितपट. पंचांनी गादीवर थाप मारली तेव्हा कोण जिंकलं हे मला कळायला वेळ लागला.

मग काय, पोरांनी मला उचललं, सरांनी वही फेकली आणि मला मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघितलं. दहा वर्षं. विद्यापीठात कुणाला जमलं नव्हतं ते. जिमखान्यातल्या फळ्यावर पुढच्या महिन्यात माझं नाव पिवळ्या रंगानं लिहिलं गेलं. पुढं आणखी दोन ढाली आल्या, मग सर निवृत्त झाले, नवी पोरं क्रिकेटकडं गेली आणि आमच्या कॉलेजची कुस्ती संपली. तरी अजून कुणी जुना भेटला की ओळख करून देतो, हा रंगराव, दहाव्या ढालीचा. मी नमस्कार करतो आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतो.

पण त्या दिवशी मी बक्षीससमारंभाला थांबलो नाही. सरांना सांगून सरळ सरकारी दवाखान्यात गेलो. ऊन अजून उतरलं नव्हतं. केरबाला खाटेवर बसवलं होतं, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. प्राचार्य बाहेर डॉक्टरांशी बोलत होते. डॉक्टर म्हणत होते, हाड दोन तास बाहेर राहिलं, आतलं सगळं फाटलंय, लगेच आणायला हवं होतं. हात हलेल, पण कुस्ती विसरा.

मी आत गेलो. केरबानं जागा करून दिली. मी खाटेच्या कडेला बसलो.

"ढाल मिळाली न्हवं?" त्यानं विचारलं.

"मिळाली."

"मग झालं तर." त्यानं गळ्यातली झोळी सरळ केली. "तसा बी मी फायनलला उतरणार न्हवतो, रंग्या. चिठ्ठ्या लागल्या लागल्या वस्तादांस्नी फोन लावला, सोसायटीच्या हापिसात. म्हटलं, रंग्याच्या कॉलेजचं धावं वरीस हाय, मी सोडतो त्याला. वस्ताद म्हणाले, थोरल्यानं आपखुशीनं सोडलं तर चालतंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू ढिला पडला असतास. सेमीलाच गेला असतास." तो हसला. "मला काय, फायनल गाठायची हुती. पोलीस भरतीला दोन नंबर बी धरत्यात. तेवढं झालं असतं तर बास हुतं."

मी खाली फरशीकडं बघत होतो. सांगून टाकावं असं वाटत होतं. तोंड उघडलं की बाहेर पडेल इतकं ते ओठांशी आलं होतं. मी म्हटलं, आता सांगतो, हा बोलायचा थांबला की सांगतो. पण तो थांबला नाही.

"एकच कळंना बघ," केरबा म्हणाला. "लेंगऱ्याला खांद्याचं कुणी सांगितलं? उद्या वस्ताद इचारतील. तिघांलाच ठावं हुतं. वस्ताद तर बोलणार न्हाईत. तू शपथ घेतलेली, तू मेलास तरी बोलणार न्हाईस." त्यानं डाव्या हातानं कपाळ चोळलं. "म्हंजे मीच. कॉलेजात पोरांत बसलो की माझं त्वांड काय माझ्या ताब्यात असतंय व्हय? मीच कुठंतरी बोललो असणार. न्हाई का रं?"

तो माझ्याकडं बघत होता. त्याला खरोखरच माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं.

"बोलला असशील," मी म्हणालो.